सर्वांची कणगी

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगररांगांत, काठी नावाचे गाव आहे. एकेकाळी ते एका लहानशा संस्थानाचे ठिकाण होते. आज त्याचे नाव दूरवर पोहोचले आहे ते तेथील राजवाडी होळीमुळे. फाल्गुनी पौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश या तिन्ही राज्यांतून आदिवासी बांधव तेथे जमतात. कोणाच्या मस्तकी मोरपिसांचा टोप असतो, तर कोणाच्या कमरेला घुंगरांची माळ. गावोगावची पथके आपापले ढोल घेऊन येतात. रात्रभर नृत्य चालते आणि उंच बांबूची होळी पहाटे पेटते.

या मेळ्यात कानी पडणारी बोली पाठ्यपुस्तकातील मराठीहून वेगळी असते. भिली असे एकच नाव आपण सोयीसाठी घेतो. परंतु त्या नावाखाली देहवाली, पावरी, मावची अशा अनेक बोली नांदत आहेत. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणातील भिली बोलींचा भाग १९०७ साली प्रसिद्ध झाला. तो चाळला तरी या बोलींचे वैविध्य पाहून मन थक्क होते. २०११ च्या जनगणनेत भिली या नावाखाली मोजलेल्या बोली मातृभाषा म्हणून सांगणाऱ्यांची संख्या, सर्व राज्ये मिळून, एक कोटीच्या वर भरली. या परिसरात आईला ‘याहा’ म्हणतात. सातपुड्याची लोकमाता याहामोगी हिच्या नावातील ‘याहा’ ती हीच.

आता अशी कल्पना करावी, की काठीच्या परिसरातील एखादी मुलगी शाळेच्या संगणकावर निबंध लिहीत आहे. निबंध मराठीत आहे. पण आईचा उल्लेख येताच तिच्या बोटांतून सहज ‘याहा’ हा शब्द उतरतो. तत्क्षणी त्या शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ उमटते. येथे चूक आहे, असे यंत्र सांगत असते. वस्तुतः चूक काहीच नसते. यंत्राजवळ शब्दांची एक यादी असते आणि ‘याहा’ हा शब्द त्या यादीत नसतो, एवढाच त्या रेघेचा अर्थ. परंतु बारा वर्षांच्या मुलीला हे कोण सांगणार? ती शब्द खोडते आणि ‘आई’ लिहिते. ‘आई’ हा शब्द गोड आहे, यात शंका नाही. पण तो तिने स्वतः निवडलेला नसतो.

ही यादी यंत्रात कोठून येते, ते पाहण्यासारखे आहे. ‘घर’ हा एक शब्द घेतला, तरी मराठीत त्यापासून घरात, घराला, घरासमोर, घरांमधून अशी कितीतरी रूपे होतात. प्रत्येक शब्दाचे प्रत्येक रूप यादीत घालू गेल्यास यादीला अंतच राहणार नाही. म्हणून शब्द एका फाइलीत आणि प्रत्यय लावण्याचे नियम दुसऱ्या फाइलीत, अशी विभागणी करतात. ‘हन्‌स्पेल’ नावाची आज्ञावली या दोन फाइली वाचून शब्द तपासते. ती लास्लो नेमेट या हंगेरियन गृहस्थांनी रचली. हंगेरियन भाषेतही शब्दाला प्रत्ययामागून प्रत्यय चिकटत जातात. त्या भाषेची अडचण दूर करण्यासाठी हा उद्योग झाला. पण अडचण एका भाषेची आणि सोय अनेक भाषांची, असे झाले. आज लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स यांसारख्या आज्ञावलींत हन्‌स्पेल काम करते आणि मराठीच्या फाइलीही तिच्यासाठी तयार झालेल्या आहेत. हंगेरीत विणलेली ही टोपली मराठी शब्द वाहून नेते, ही मोठी मौजेची गोष्ट होय.

अशा फाइली मूळ आज्ञावलीत आरंभापासून असल्याच पाहिजेत असे नाही. त्या मागाहून जोडता येतात. इंग्रजीत अशा जोडकामाला एक्स्टेन्शन, प्लगइन, ॲड-ऑन अशी निरनिराळी नावे आहेत. मराठीत त्यासाठी ‘पुरवणी’ हा शब्द अगदी चपखल बसतो आणि परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाच्या तो परिचयाचा आहे. उत्तरपत्रिका सर्वांना सारखी मिळते. ज्याला अधिक लिहावयाचे असेल तो पुरवणी मागून घेतो आणि दोऱ्याने बांधतो. उत्तरपत्रिका फाडावी लागत नाही की पुन्हा शिवावी लागत नाही. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पुरवणीची भोके उत्तरपत्रिकेच्या भोकांशी जुळली पाहिजेत आणि पुरवणीवर क्रमांक घातलेला पाहिजे. या दोन गोष्टी पुढे पुन्हा उपयोगी पडतील.

एखाद्या मोठ्या व्यापारी कंपनीने भिलीची पुरवणी करावी, अशी अपेक्षा धरता येईल काय? कंपनी नफ्यातोट्याचा विचार करणार, आणि तो तिने करू नये असेही म्हणता येत नाही. तेव्हा ज्यांची भाषा त्यांनाच हे काम हाती घेण्याची मुभा असली पाहिजे. ही मुभा मुक्त स्रोत नावाच्या पद्धतीने मिळते. आज्ञावली म्हणजे यंत्राला क्रमाने दिलेल्या सूचना. पुष्कळशा आज्ञावलींचे मूळ लेखन तिचे कर्ते झाकून ठेवतात. विकत घेणाऱ्याला ती चालविता येते, पण उघडून पाहता येत नाही. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांना हे मान्य नव्हते. १९८३ साली त्यांनी सर्वांना खुली असणारी संगणक-प्रणाली उभारण्याचा संकल्प जाहीर केला. आज्ञावली चालवावी, तिचे मूळ लेखन वाचावे, त्यात बदल करावा आणि ती दुसऱ्याला द्यावी, ही चार स्वातंत्र्ये त्यांनी मांडली आणि ती टिकावीत म्हणून परवाना लिहून ठेवला. परवाना शब्दाने सहसा बंधन सुचते. येथे मात्र तो मोकळीक सांभाळण्यासाठी आहे.

या मोकळिकीतून काय घडते याचे एक उदाहरण आपल्या देशातलेच आहे. विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशात भारतीय लिप्या टंकित करणे पूर्वी जिकिरीचे होते. केरळातील एका स्वयंसेवकाने त्यासाठी एक पुरवणी तयार केली आणि तिला ‘नारायम्’ असे नाव दिले. मलयाळममध्ये नारायम् म्हणजे ताडपत्रावर अक्षरे कोरण्याची लोखंडी लेखणी. किती समर्पक नाव! या पुरवणीत यंत्राचा भाग एकच होता आणि प्रत्येक भाषेसाठी नियमांचे एक वेगळे कोष्टक होते: अमुक कळ दाबली की तमुक अक्षर उमटावे. त्यामुळे मलयाळमपुरती सुरू झालेली ही सोय दुसऱ्या भाषांना घेता आली. केवळ नवे कोष्टक लिहावे लागले. मराठीचे कोष्टकही असेच झाले. पुढे २०१३ साली विकिपीडियाने तिच्या जागी भाषा निवडण्याची नवी, अधिक व्यापक पुरवणी आणली. लेखणी बदलली, लिहिण्याची सोय राहिली.

पुरवण्या अशा तयार होऊ लागल्या, की त्या ठेवावयाच्या कोठे हा प्रश्न उभा राहतो. शेतकऱ्याने उत्तम बियाणे राखले, पण ते त्याच्याच घरच्या मडक्यात राहिले, तर शेजारच्या गावाला त्याचा काय उपयोग? गणितातील अवघड समीकरणे सुबक छापता यावीत म्हणून डोनाल्ड कनूथ या प्राध्यापकांनी ‘टेक्’ नावाची आज्ञावली १९७८ साली पुढे आणली. जगभरच्या अभ्यासकांनी तिला पुरवण्या केल्या. पण त्या कोठे कोठे विखुरलेल्या होत्या. कोणाची कोठे आहे हे शोधण्यातच वेळ जाई. अखेर १९९२ साली जर्मनी, इंग्लंड आणि अमेरिका येथील काही उत्साही मंडळींनी त्या एकत्र केल्या आणि सर्वांसाठी एक कोठार उघडले. त्याला संक्षेपाने ‘सीटॅन’ म्हणतात. नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१ साली केलेली देवनागरी छपाईची पुरवणी त्या कोठारात ठेवलेली आहे. या कोठाराच्या प्रती निरनिराळ्या देशांतील संगणकांवर राखल्या जातात, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा उघडा राहतो. या प्रतींना ‘आरसे’ म्हणण्याची पद्धत आहे. पुढे पर्ल या संगणक-भाषेसाठी १९९५ साली असेच कोठार झाले आणि नंतर अशा संकेतस्थळांची रीघच लागली.

संकेतस्थळ म्हणजे काही रंगीबेरंगी चित्रांचे पान, असा अनेकांचा समज असतो. रंग आणि चित्रे यांचे महत्त्व आहेच, पण ते शेवटी. धान्याची कणगी विणताना आधी कामट्या ताणून पाहतात. शेणाचा लेप मागाहून देतात. पुरवण्यांच्या संकेतस्थळाच्या कामट्या म्हणजे प्रत्येक वस्तूवरची चिठ्ठी. बियाणे देणारी जाणती बाई नुसते दाणे पदरात घालीत नाही. कोणत्या जमिनीत पेरावे, केव्हा पेरावे, कीड लागू नये म्हणून काय करावे, हेही सांगते. त्याचप्रमाणे पुरवणीच्या चिठ्ठीवर तिचे नाव, कर्त्याचे नाव, ती काय करते हे दोन सोप्या वाक्यांत, शेवटची दुरुस्ती केव्हा झाली ती तारीख, परवाना आणि आकार ही माहिती हवी. आणखी एक नोंद हवी आणि तिचाच पुष्कळांना विसर पडतो: मूळ आज्ञावलीच्या कोणत्या आवृत्तीला ही पुरवणी बसते? नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ती निघाली, तेव्हा पुरवण्या बांधण्याची जुनी पद्धत बंद झाली आणि अनेक वर्षे वापरात असलेल्या हजारो पुरवण्या एकाएकी निरुपयोगी ठरल्या. उत्तरपत्रिकेची भोकेच बदलली होती. बदलाला कारण होते. जुन्या पद्धतीत पुरवणीला मूळ आज्ञावलीत हवा तेवढा शिरकाव मिळे आणि त्यातून धोका संभवे. तरीही ज्यांनी रात्री जागून त्या लिहिल्या होत्या, त्यांना काय वाटले असेल!

धोक्याचा प्रश्न तर फारच नाजूक आहे. जेथे कोणीही काहीही आणून ठेवू शकतो, तेथे एखादा ठकही येणार. वरून शब्दकोश दिसणारी पुरवणी आतून लोकांची गुपिते चोरीत असेल तर? मूळ लेखन उघडे असल्यामुळे जाणकारांना ते तपासता येते, हे खरे. पण उघडे असणे आणि कोणी तरी प्रत्यक्ष वाचून पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून चांगले संकेतस्थळ तपासनीस नेमते आणि तपासलेल्या पुरवणीवर एक अदृश्य मोहोर उमटविते. मोहोर नसलेली पुरवणी आज्ञावली स्वीकारीत नाही. ही व्यवस्था उत्तम. परंतु मोहोरेलाही मुदत असते. मे २०१९ च्या आरंभी फायरफॉक्सच्या मोहोरेमागील एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ते वेळेवर नवे करण्याचे राहून गेले. परिणाम असा झाला, की जगभरातील लोकांच्या फायरफॉक्समधील पुरवण्या आपोआप बंद पडल्या. त्यांत दोष कोणताच नव्हता. तातडीने उपाय झाला आणि पुरवण्या पुन्हा चालू लागल्या. संकेतस्थळ रचणाऱ्यांना पहारेकरी नेमून भागत नाही. पहारेकऱ्याच्या हातातील कंदिलात तेल आहे की नाही, हेही पाहावे लागते.

दुसरा एक प्रसंग याहूनही विलक्षण आहे. जावास्क्रिप्ट या संगणक-भाषेतील तयार तुकड्यांचे ‘एनपीएम’ नावाचे मोठे कोठार आहे. मार्च २०१६ मध्ये तेथे एका तुकड्याच्या नावावरून तंटा झाला. एका कंपनीने ते नाव मागितले आणि कोठाराच्या चालकांनी ते कंपनीला दिले. नावाचा मूळ धनी रागावला आणि त्याने आपले अडीचशेहून अधिक तुकडे काढून घेतले. त्यांतील एक तुकडा अवघ्या अकरा ओळींचा होता. शब्दाच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरून त्याची लांबी ठरावीक करणे, एवढेच त्याचे काम. पण त्या अकरा ओळींवर दुसरे तुकडे, त्यांवर तिसरे, अशी उतरंड रचली गेली होती. तळचे मडके निघताच जगभरातील हजारो आज्ञावलींची बांधणी खोळंबली. काही तासांत तो तुकडा पुन्हा जागेवर ठेवण्यात आला आणि पुढे असे एकाएकी काढून घेण्यावर निर्बंध आले. चूक कोणाची, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलता येईल. ज्याने दिले त्याला परत घेण्याचा अधिकार किती आणि ज्यांनी विश्वासाने घेतले त्यांचा अधिकार किती, हे आधी ठरवून, स्पष्ट लिहून ठेवलेले बरे असते. भांडण झाल्यावर केलेले नियम कोणालाच गोड लागत नाहीत.

भिलीच्या पुरवणीलाही असा प्रश्न चुकणार नाही. एकाच शब्दाचे उच्चार डोंगराच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरे असतील. मग यादीत कोणता घ्यावयाचा? मराठीच्या लेखनाचे नियमही काही आकाशातून पडलेले नाहीत. मराठी साहित्य महामंडळाने ते तयार केले, १९६२ साली शासनाने त्यांना मान्यता दिली आणि १९७२ साली त्यांत भर पडली. एवढ्या मोठ्या भाषेत एकमत होण्यास जर इतका काळ लागला, तर ज्या बोलींचे लेखन आता कोठे रुजत आहे त्यांना घाई करून कसे चालेल? मुक्त परवान्याचा येथे एक मोठा गुण दिसतो. पहिली यादी ज्याला पटणार नाही, त्याला तिची प्रत घेऊन स्वतःची वेगळी यादी करता येते. संकेतस्थळाने दोन्ही याद्या शेजारी शेजारी मांडाव्यात आणि दोहोंवर स्पष्ट चिठ्ठी लावावी, म्हणजे झाले.

पण येथेच संकेतस्थळाच्या मांडणीतील सर्वांत मोठा अन्याय होऊ शकतो. बहुतेक ठिकाणी जी पुरवणी अधिक लोकांनी घेतली ती वर आणि जी थोड्यांनी घेतली ती खाली, असा क्रम लावलेला असतो. दुकानदाराला हा क्रम सोयीचा आहे. परंतु जी भाषा थोड्यांची, तिची पुरवणी थोडेच लोक घेणार. म्हणून ती तळाला जाणार. तळाला गेली की दिसणार नाही आणि दिसली नाही की आणखी कोणी घेणार नाही. वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलांनाच प्रश्न विचारीत राहावे आणि शेवटच्या बाकावरची मुले बोलत नाहीत अशी तक्रार करावी, त्यातलाच हा प्रकार. यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. पानाच्या आरंभीच भाषेचे नाव विचारावे. पावरी असे लिहिताच पावरीची पुरवणी समोर यावी; ती घेणारे सात असोत की सात लाख.

शिवाय ते पान काठीपर्यंत पोहोचले पाहिजे. सातपुड्याच्या दऱ्यांत मोबाइलची रेंज सगळीकडे सारखी नसते. एखाद्या टेकाडावर ती लागते आणि दोन वळणे उतरताच जाते. मोठमोठ्या चित्रांनी भरलेले पान तेथे अर्धवट उघडून थांबते. ज्यांनी ते पान शहरातील वेगवान जोडणीवर तयार केले त्यांच्या हे ध्यानातही येत नाही. खरे तर शब्दयादीची पुरवणी अगदी लहान असते. पुष्कळदा ती दाखविणारे पानच तिच्याहून जड असते, याला काय म्हणावे? तेव्हा पान हलके असावे, सूचना मराठीत आणि शक्य तेथे त्या त्या बोलीत असाव्यात, आणि पुरवणी पेनड्राइव्हवर घेऊन रेंज नसलेल्या शाळेतही बसविता यावी. एका शिक्षकाने ती अक्कलकुव्याहून खिशातून आणावी आणि सर्व संगणकांवर बसवावी. परवाना मुक्त असल्यामुळे त्यात कोणताही नियमभंग होत नाही. शिवाय या कणगीचे असे आहे, की कितीही जणांनी कितीही वेळा घेतले तरी एक दाणा कमी होत नाही. भर मात्र कोणी तरी घातली तरच पडते.

भर घालण्याची कृती साधी आहे. हन्‌स्पेलच्या शब्दयादीत पहिल्या ओळीवर एकूण शब्दांची संख्या लिहितात आणि त्याखाली एका ओळीवर एक, असे शब्द लिहीत जातात. जेथे प्रत्यय लागतो तेथे शब्दापुढे तिरकी रेघ देऊन नियमाची खूण करतात; ते नियम दुसऱ्या फाइलीत असतात आणि ते सवडीने लिहिले तरी चालते. नदी, झाडे, धान्ये, अवजारे, नाती यांची नावे आधी घ्यावीत, कारण ती घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लगेच मिळतात. वहीत उतरवून घेतलेले पन्नास शब्द संगणकावर चढविण्यास एक दुपार पुरते आणि त्या दिवशी पहिल्या ओळीवर ५० हा आकडा लिहिता येतो.